रिकाम्या पेल्याची साक्ष

शनिवारी सकाळी गावभट्टी पेटते आणि डोंगरावरच्या बिर्केनश्टेटन गावातल्या झाडून साऱ्या बायका पिठाच्या टोपल्या काखेला मारून तिथे हजर होतात. पाव भाजायचा, कुणाची सून कशी नि कुणाचा नवरा कुठे ते बोलायचं आणि गरम पाव घेऊन घरी जायचं, असा शिरस्ता. पण त्या हिवाळ्यात पावाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. भट्टीला लागून धुण्याची जुनी खोली आहे. तिच्या दारात रांग लागायची आणि इकडे पाव करपायचे. हेफेलेबाई म्हणजे भट्टीच्या पाटलीणच. त्यांच्या हातून जन्मात पाव करपला नव्हता, त्यांचाही करपला.

"करपू दे मेला," त्या म्हणाल्या. "पाव काय, पुढच्या शनिवारीही भाजता येईल. केस कुठून आणू?"

खोलीत मेख्टिल्डबाई बसायच्या. पांढरा टेबलक्लॉथ, त्यावर काचेचे पेले आणि बुचाची एक छोटी बाटली, बाटलीत जांभळं पाणी. त्या पाण्याचं नाव 'साक्ष'. आल्प्सवरची रानफुलं पौर्णिमेच्या पहाटे अनवाणी जाऊन खुडायची आणि त्यातून ते काढायचं, असं बाई सांगत. थंडीत गुडघाभर बर्फातून अनवाणी कोण जातं, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? बाईंचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते आणि रेशमासारखे चमकत होते.

"केस म्हणजे काय?" बाई म्हणत. "मनाची मुळं, बाहेर आलेली. मनात कोरड पडली की टोकं फाटतात. डॉक्टरला टोक दिसतं, मला कोरड दिसते."

हे त्या दर शनिवारी म्हणत, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा आधी एक दीर्घ श्वास घेत.

मग पोस्टातली बाई खुर्चीवर बसली. मेख्टिल्डबाईंनी नळाचं पाणी पेल्यात घेतलं, तिच्या वेणीचं टोक त्यात बुडवून हलवलं, बाहेर काढलं आणि वरून साक्षीचे थेंब सोडले. जांभळे थेंब पाण्यात पडले आणि बघता बघता निळे झाले.

"आई गं," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"कोरड आहे," बाई हळूच म्हणाल्या. पोस्टातल्या बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचा नवरा गेल्या वर्षी घर सोडून गेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता पेल्यालाही ठाऊक झालं.

यावर उपाय होता. 'निववणी' नावाचं बाटलीतलं पाणी डोकं धुतल्यावर केसांवरून ओतायचं, पुन्हा धुवायचं नाही. मग 'ओलावा' नावाचं मलम टोकांना चोळायचं. निववणीला लॅव्हेंडरचा घमघमाट आणि ओलाव्याला गुलाबाचा. पुढच्या शनिवारी परत यायचं आणि पुन्हा साक्ष काढायची. ज्या आल्या, त्यांच्या पेल्यात पाणी गुलाबी झालं. शिवाय केस खरोखरच मऊ झाले होते, हात लावून बघा. मग काय, रांग भट्टीच्या दारापर्यंत गेली.

त्या रांगेत रोझवितामामीच्या मागे टोमके उभी होती. नववीतली पोर, उंच, डोक्यावर लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढलेली. टोपीखाली जे होतं ते दाखवण्यासारखं उरलं नव्हतं.

टोमके मूळची इथली नव्हती. उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या दलदलीच्या सपाट मुलखातली. तिकडे पावसाचं पाणी टाकीत साठवतात आणि चहा असा लागतो की बस्स. त्या हिवाळ्याआधी तिची आई गेली. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, जहाजावरच राहायचे. म्हणून मामाने तिला इकडे डोंगरावर आणलं. आणि मामा काय, ट्रक घेऊन जो जायचा तो रविवारी उगवायचा. घरात उरल्या दोघी. मामी वाईट नव्हती. वेळेवर जेवायला वाढायची, मोजे रफू करून द्यायची. फक्त दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते सुचायचं नाही. मग मामी जिना पुसायला घ्यायची आणि टोमके खोलीत जाऊन दार लावायची.

इथे आल्यापासून तिच्या केसांचा झाडू झाला होता. कोरडे, राठ, वर चिकटही. कंगवा घातला की पांढरी भुकटी पडायची. ती आईने केलेल्या साबणाने डोकं धुवायची. आई घरीच साबण ओतायची, वड्या कापायची आणि फळीवर वाळत ठेवायची. शेवटच्या घाण्याचं खोकं टोमकेने सोबत आणलं होतं. तिकडे याच वडीचा बोटभर फेस यायचा. इथे फेस नाही की काही नाही, बेसिनमध्ये दूध नासल्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या तेवढ्या व्हायच्या. आई गेली आणि साबणातलाही जीव गेला, असं टोमकेला वाटायचं. हे कुणाला सांगणार? तिने कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या शनिवारी दोघींचे पेले निळे झाले. त्यात विशेष काही नव्हतं, सगळ्यांचे पहिल्यांदा निळेच व्हायचे. मामीने निववणीची एक बाटली घेतली. टोमकेने डोक्यावर काही ओतून घेतलं नाही. "मला माझा साबण पुरे," ती म्हणाली.

दुसऱ्या शनिवारी घोटाळा झाला. हेफेलेबाईंचं गुलाबी. पोस्टातल्या बाईचं गुलाबी, ती तर हसायलाच लागली. आणि मामीचं निळं, ठार निळं. मेख्टिल्डबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मामीच्या मागे बघितलं आणि टोमकेला टोपी काढायला लावली. तिच्या केसांचं टोक बुडवलं. थेंब पडले. पाणी निळं नाही, हिरवं झालं.

रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"रोझविता," मेख्टिल्डबाई म्हणाल्या, "तुझ्या घरात कोरडं माणूस आलंय. ते तुझी ओल पितंय. ते घरात आहे तोवर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, हिरवा पेला टोमकेसमोरच होता.

सोमवारी शाळेच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहिली. मंगळवारी पण. मुली तिच्याशी वाईट वागल्या नाहीत, फक्त एकेक बाक पुढे सरकल्या. एकीने तर प्रामाणिकपणे सांगूनच टाकलं, "माझी आई म्हणते उगाच कशाला. तुला राग नाही ना आला?"

"नाही," टोमके म्हणाली. आला होता.

गुरुवारी मामीने ताट वाढलं आणि स्वतः उभीच राहिली.

"उल्मला मुलींचं वसतिगृह आहे," ती म्हणाली. "चांगलं आहे म्हणे. मोठ्या खिडक्या आहेत. ईस्टरनंतर जागा होईल."

"मामी, मी काय केलंय?"

"तू काही केलं नाहीस गं पोरी. कुणी मुद्दाम थोडंच करतं." मामीने स्वतःच्या विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. उन्हाळ्यातल्या आजारानंतर ते मूठमूठ गळत होते. "पण माझं पाणी काही केल्या बदलत नाही. तू आल्यापासून घर कसं… मलाही कळत नाही काय ते."

"मामांना विचारलंत?"

"ते म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर."

टोमकेने जेवण संपवलं. पोटात गेलं की नाही तिला आठवत नाही. खोलीत जाऊन तिने आरशात बघितलं आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिलाही वाटलं, असेलही. आधी आई गेली. मग साबणाचा फेस गेला. आता मामीचे केस. ती जिथे जाते तिथलं काहीतरी वाळतंच. एकट्या माणसाला असलं लगेच पटतं, कारण समोर "काहीतरीच काय" म्हणणारं कुणी नसतं.

रविवारी मामी चर्चला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "लाल कोबी चिरून शिजायला टाक. मामा येतायत." इकडे हा कोबी नुसता कांदा-लवंग घालून शिजवतात, आणि तो निळसर जांभळा होतो. त्याला निळी भाजीच म्हणतात. टोमकेने कोबी चिरला, पाणी घातलं, झाकण ठेवलं. मग तिला आईचा कोबी आठवला. आई त्यात सफरचंद घालायची आणि शेवटी व्हिनेगर. मामीकडे व्हिनेगरची मोठी बाटली होती, किटलीच्या बुडाचा पांढरा थर काढायला. टोमकेने सफरचंद किसून टाकलं आणि व्हिनेगरची धार सोडली.

भाजी लाल झाली. जिथे धार पडली तिथून लाल रंग पसरत गेला, थेट आईच्या पातेल्यातला रंग. टोमके बघतच राहिली. किती दिवसांनी काहीतरी तिकडच्यासारखं दिसलं होतं.

मग तिने हात धुवायला घेतले. चिरून चिरून बोटं जांभळी झाली होती. तिने आईची वडी चोळली, आणि बोटं निळी झाली. आणखी चोळली तर हिरवी.

हिरवी, अगदी त्या पेल्यासारखी.

तिने नळ बंद केला. विज्ञानाच्या पुस्तकात लिटमस होता, आम्लात तांबडा नि आम्लारीत निळा, आणि तिने ते परीक्षेपुरतं पाठ करून विसरूनही टाकलं होतं. कोबीचं नाव पुस्तकात कुणी काढलं नव्हतं. तिने घाईघाईने पेले मांडले. चिरताना पातेल्याबाहेर राहिलेला कोबी गरम पाण्यात कुस्करला, जांभळं पाणी गाळून घेतलं. नळाच्या पाण्यात थेंब टाकले. निळं. केस नाहीत, दुःख नाही, कोरडं माणूस नाही. नुसतं नळाचं पाणी, तरी निळं. साबणाच्या पाण्यात हिरवं. व्हिनेगरमध्ये गुलाबी.

ती जमिनीवर बसून हसली. मग तिला आईला हाक मारायची होती. तोंड उघडलंही होतं. मग ते बंद करून ती तशीच बसून राहिली, पेले मांडलेले आणि दाखवायला कुणी नाही.

शेवटी तिने मामीची निववणीची बाटली उघडली. ती वापरणाऱ्यांचेच पेले गुलाबी होत होते, म्हणजे आत व्हिनेगरच असणार. ती लाल करून दाखवणार, मग खेळ खलास. थेंब टाकले. निळं.

असं कसं? तिने पुन्हा टाकले, पुन्हा निळं.

मामी परतली तेव्हा टोमके टेबलाशी कपाळाला हात लावून बसलेली.

"भाजीचं काय केलंस हे? लाल?"

"मामी, ती साक्ष म्हणजे कोबीचं पाणी आहे. आणि निववणी म्हणजे व्हिनेगर. हे बघा." तिने सगळे पेले दाखवले. मामीने सगळे बघितले. मामी काही मूर्ख नव्हती.

"मग माझ्या बाटलीतलं लाल व्हायला हवं," ती म्हणाली. "व्हायला हवं की नको?"

"हवं."

"झालं?"

"नाही."

"मग झालं तर." मामीने एप्रन बांधला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "जायचं नाही म्हणून तू खटपट करतेयस, ते मला समजतं. पण असं नको करूस, टोमके. मामा येतील आता, पेले आवर."

मामाने लाल भाजी दोनदा मागून घेतली आणि कुठेतरी खिडकीबाहेर बघत जेवला.

पुढच्या शनिवारी टोमके स्वतःहून भट्टीवर गेली. मामी रांगेत होती. टोमके तिला ओलांडून पुढे गेली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"रांग आहे, मुली," मेख्टिल्डबाई गोड आवाजात म्हणाल्या.

"मला केस तपासायचे नाहीत. या नळाच्या पाण्यात साक्ष सोडा. केस न बुडवता."

"केसाशिवाय साक्ष बोलत नाही."

"नका बोलू देऊ. नुसती सोडा."

"तिचा अपमान होतो."

"अगं बाई," हेफेलेबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून पुढे आल्या, "फुलांचा कसला अपमान? सोडा की चार थेंब. नाहीतर मी सोडते." आणि त्यांनी सोडलेसुद्धा. पेला निळा झाला.

बायका पुढे सरकल्या.

"हे दुःख कुणाचं?" हेफेलेबाई म्हणाल्या. "नळाचं? त्याचा नवरा कुठे पळाला?"

पोस्टातली बाई आधी हसली, मग तिला कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

टोमकेने डब्यातून कोबीचं पाणी काढलं आणि दुसऱ्या पेल्यात टाकलं. तोच निळा. कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या फडक्याचा दोरा तोडून तिने टेबलावरच्या निववणीत बुडवला, मग त्या पेल्यात टाकून ढवळलं. गुलाबी.

"फडक्याला शांती मिळाली," मागून कुणीतरी म्हणालं.

मेख्टिल्डबाई हसल्या. चांगलं सावरलं त्यांनी, मानलं पाहिजे. "रंग कशानेही बदलतील. पण रोझविताचं काय? तिने तर निववणी वापरली. तरी तिचा पेला निळाच का?" आणि त्यांनी टोमकेकडे बघितलं. "याचं उत्तर दे."

ते टोमकेला आठवडाभर शोधूनही सापडलं नव्हतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, बसमधल्या मुलीची आईसुद्धा.

"मी बाटली पुरवून वापरली," रांगेतून मामी म्हणाली. आवाज बारीक होता. "एवढीशी बाटली. संपली की दुसरी घ्या. म्हणून वापरलं की तेवढं नळाचं पाणी भरून ठेवत होते. दर वेळी."

यात कुणाला नवल वाटलं नाही. या गावात शॅम्पूच्या, सॉसच्या, भांड्यांच्या साबणाच्या, प्रत्येक बाटलीत शेवटी पाणी घालून हलवतात. वाया घालवणं इथे पापच. पण मेख्टिल्डबाई दूरच्या शहरातल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांचा तोल गेला.

"पाणी घातलंत?" त्या कडाडल्या. "अहो, इथल्या चुनखडीच्या पाण्यात व्हिनेगरचा काय जोर राहणार? मारून टाकलंत की सगळं. मी एवढं मापाने करून देते आणि तुम्ही…"

त्या थांबल्या. पण शब्द बाहेर पडला होता, आणि कुठलाच शब्द बाटलीत परत जात नाही.

"काय म्हणालात?" हेफेलेबाईंनी विचारलं. "व्हिनेगर?"

आता टोमकेला सगळं उमगलं. ती बोलत सुटली, अडखळत, मध्येच मागे जात. इथलं पाणी डोंगराच्या चुनखडीतून येतं. दुष्फेन पाणी, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते, पुस्तकात आहे बघा. ते थोडं आम्लारीधर्मी, म्हणून कोबी निळा पडतो आणि म्हणूनच तुमची भाजी निळी. साबण त्याहून तीव्र, आणि त्या शनिवारी मी सकाळीच डोकं धुऊन आले होते, म्हणून माझा पेला हिरवा. मामीच्या बाटलीतलं व्हिनेगर नळाच्या पाण्याने मारलं, म्हणून तिचा निळाच राहिला. कोणी कोणाची ओल पीत नाही.

"पण माझे केस मऊ झाले, ते खोटं?" हेफेलेबाईंनी वेणी पुढे घेतली.

"ते खरंय. किटलीत थर बसतो ना, तसाच केसांवर चुना बसतो, साबणाने धुतलं तर फारच. व्हिनेगर तो सोडवतं. तांब्याभर पाण्यात चमचा-दोन चमचे, त्याहून जास्त नको, आणि डोळे मिटून. मग टोकांना जरासं मलम, म्हणजे आतली ओल टिकते. मलमाला मेंढीचा वास येतोच आहे गुलाबाआडून. लोकरीचं मेण असणार. तेही चांगलंच असतं. एवढंच आहे सगळं."

"व्हिनेगर तर माझ्या ओट्याखाली पडलंय," पोस्टातली बाई म्हणाली. तिचा आवाज कसासाच आला. मऊ केस तिला घरीच मिळाले असते. ती इथे दुसऱ्याच कशासाठी येत होती.

मेख्टिल्डबाई पेले गुंडाळू लागल्या. कुणी त्यांना हात लावला नाही की वाट अडवली नाही. दाराशी त्या टोमकेजवळ थांबल्या. "त्यांना बरं वाटत होतं, मुली," त्या हळू म्हणाल्या. "त्यांचं कुणीतरी ऐकून घेत होतं."

"मला नव्हतं वाटत," टोमके म्हणाली.

घरात शिरल्यावर मामीने कोटही न काढता उल्मला फोन लावला, आणि जागा नको म्हणून सांगितलं. मग बागेतल्या पिंपातून पावसाचं पाणी आणून तापवलं, व्हिनेगरचा चमचा घातला आणि खुर्ची बेसिनशी ओढली.

"ये. टोपी काढ."

टोमके मान मागे टाकून बसली. मामीने हळूहळू पाणी ओतलं. एका हाताने तिचं कपाळ झाकलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. आई गेल्यापासून तिच्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

"पुढच्या वेळी तुझा तो साबण लावून बघू," मामी म्हणाली. "या पाण्यात फेस येईल कदाचित. मला माफ कर, पोरी. मी तुझ्याकडे न बघता पेल्याकडे बघत बसले."

म्हणून काय लगेच सगळं ठीक झालं नाही. आई नव्हतीच, आणि ती उणीव कुठल्याच पाण्याने धुतली जाणारी नव्हती. सोमवारी बसमध्ये तीच मुलगी बॅग उचलून शेजारी येऊन बसली आणि व्हिनेगर किती घालायचं ते विचारू लागली. टोमकेने सांगितलं. अजून थोडा राग होता, तरी सांगितलं.

वाचणाऱ्यांनो, केस राठ झाले तर नळ तपासा, साबण बदला, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. एखाद्या बाईचा नवरा गेला असेल, एखाद्या पोरीची आई गेली असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा, त्यासाठी रांग लावावी लागत नाही. आणि रंगाच्या, धुराच्या, थेंबांच्या साक्षीवर उद्या कुणी तुम्हाला सांगितलं की अमक्या माणसामुळे घर वाळतंय, तर त्या माणसाचं सामान बांधायच्या आधी एवढं एकच करा: तीच साक्ष एकदा त्या माणसाशिवाय काढून बघा, रिकाम्या पेल्यात.